खटक्यावर आलेला अंगठा

भाऊंना जाऊन दीड वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा सवयीने आधी यादी केली: काय आठवतं, कुठल्या महिन्यातलं, तेव्हा सोबत कोण होतं. यादीत सगळ्यांत वर आला तो त्यांचा उजवा अंगठा. फेब्रुवारीतल्या गोळीबाराच्या सरावाला तो अंगठा जिथे नको तिथे आला होता. तो तिथून हलवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते चोख केलं. त्या अंगठ्यामागे आजार होता हे कळायला आम्हाला पुढे सहा महिने लागले.

मी पोलीस हवालदार. लोणावळ्याच्या अलीकडच्या एका ठाण्यात हत्यारांची नोंदवही माझ्याकडे असते. कोणतं हत्यार कोणाच्या नावावर, कधी बाहेर गेलं, कधी परत आलं, किती गोळ्या झाडल्या, किती पुंगळ्या जमा झाल्या. पुंगळी म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारी पितळी नळी. सरावानंतर एक जरी कमी भरली तरी सगळे गवतात ओणवे होऊन शोधत बसतात. मी पिस्तुलाचा एक कोर्सही केलेला आहे, त्यामुळे ज्यांचा नेम चुकतो त्यांना माझ्याकडे पाठवतात.

भाऊ सहायक फौजदार होते, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. कान्ह्याच्या पुढच्या एका गावचे, घरची भातशेती. मी घोरावाडी स्टेशनजवळ वाढले, वडील कारखान्यात कामाला. खंडाळ्याच्या वळणावर शनिवार-रविवारच्या बंदोबस्ताला आम्ही बरीच वर्षं एकत्र उभे राहिलो. रोज सकाळी ते मला "जयभीम, बाई" म्हणायचे आणि मी त्यांना "राम राम, भाऊ" म्हणायचे. ते कधी सुरू झालं आठवत नाही. नवीन बदलून आलेली माणसं आधी बुचकळ्यात पडायची, मग त्यांनाही सवय व्हायची.

आमची चांदमारी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान, डोंगराच्या पायथ्याशी आहे. सरावाच्या दिवशी चारी बाजूंना लाल झेंडे लावायचे आणि गुराख्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, ही कामं माझ्या यादीत असतात. तरी एक म्हातारबाबा दर वर्षी झेंड्यापलीकडे म्हशी घेऊन उभे असतातच.

"ओ बाई, अजून किती येळ ठोकणार?"

"दुपारपर्यंत, आबा."

"मंग दुपारपत्तोर म्हशींना काय तुमच्या गोळ्या खाऊ घालू?"

त्या दिवशीही हे झालं, सगळे हसले, आणि भाऊंची पाळी आली.

पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग म्हणजे स्लाइड. प्रत्येक गोळीला ती मागे जाते, पुंगळी बाहेर फेकते आणि पुन्हा पुढे येते. शेवटची गोळी सुटली की मात्र ती मागेच अडकून राहते, कारण डाव्या अंगाला एक छोटा खटका असतो. मुठीत बसणारं गोळ्यांचं मॅगझीन रिकामं झालं की तो वर उठतो आणि स्लाइडला धरून ठेवतो. उघडी स्लाइड दिसली म्हणजे गोळ्या संपल्या, हे धरणाऱ्यालाही कळतं आणि शेजारच्यालाही. पण उजव्या अंगठ्याचा भार त्या खटक्यावर पडला तर तो वर उठू शकत नाही. स्लाइड रिकाम्या पिस्तुलावर बंद होते, आणि माणूस गोळी आहे असं समजून ट्रिगर दाबत बसतो.

भाऊंनी पाच गोळ्या झाडल्या. स्लाइड बंद झाली. त्यांनी सहाव्यांदा ट्रिगर दाबला. नुसता टक आवाज आला.

"गोळ्या संपल्या का?" मागून साहेबांनी विचारलं.

"संपल्या असतील, साहेब."

"असतील म्हणजे? समोरचा गोळ्या घालत असेल तेव्हा असतील-नसतील करणार का?"

दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीला स्लाइड उघडी राहिली, चौथीला पुन्हा बंद. रांगेतून कोणी तरी म्हणालं, "भाऊ, पिस्तूल धरताय का भात झोडताय?" भाऊही हसले. मात्र जागेवर परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "दोन आठवडे. तेवढ्यात सुधारलं तर ठीक, नाही तर त्यांना टेबलावर बसवतो. हत्यार देणार नाही."

जीपमध्ये भाऊ माझ्या शेजारी बसले. कामशेत मागे पडलं. मग म्हणाले, "बाई, रिटायर व्हायला चार वर्सं राहिली. माझं हत्यार काढू देऊ नका."

मी कामाला लागले. कारणं उघड होती: मॅगझीनची स्प्रिंग सैल, खटक्यात मळ, गोळीतली दारू कमजोर, किंवा धरणाऱ्याचा अंगठा. मॅगझीन बदलून पाहिलं. पिस्तूल उघडून साफ केलं, खटका बोटाने उचलून पाहिला. तेच पिस्तूल, त्याच पेटीतल्या गोळ्या साहेबांच्या परवानगीने मी स्वतः झाडून पाहिल्या. स्लाइड दर वेळी उघडी राहिली. तीन कारणांवर काट मारली. अंगठा उरला. वहीत लिहिलं आणि मला फार बरं वाटलं, कारण अंगठा हलवता येतो.

हा माणूस वीस-बावीस वर्षं याच पद्धतीने पिस्तूल धरत आला होता आणि स्लाइड कधी बंद झाली नव्हती. मग आताच का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो माझ्या यादीत नव्हता.

ठाण्याच्या मागच्या मोकळ्या जागेत रोज दुपारी अर्धा तास. पिस्तुलात रिकामं मॅगझीन घालायचं, भाऊंनी दोन्ही हातांनी धरायचं, मी स्लाइड मागे ओढून सोडायची. अंगठा बरोबर असेल तर ती मागेच अडकते. दहापैकी किती वेळा अडकली ते मी लिहायचे. पहिल्या दिवशी चार.

आधी मी सांगितलं, अंगठा वर उचलून धरा, खटक्याला शिवू देऊ नका. पहिल्या दोन वेळा ते उचलून धरत. तिसऱ्या वेळेपासून अंगठा हळूहळू खाली बसायचा, दमलेल्या माणसाने भिंतीला टेकावं तसा.

"भाऊ, वर."

"वरच हाय की."

"कुठे वर? बघा तरी."

ते बघायचे आणि अंगठा पुन्हा उचलायचे. माझ्या वहीत त्या आठवड्यातली एक ओळ आहे: 'अंगठा टिकत नाही.' मीच लिहिलेली. ती वही माझ्या कपाटात आहे.

मग मी पद्धत बदलली. उजवा अंगठा वर ठेवायचाच नाही. तो खाली वळवून मुठीवर निजवायचा आणि त्यावर डावा अंगठा दाबून ठेवायचा, म्हणजे तो वर खटक्याकडे सरकणारच नाही. ही पद्धत माझ्या मनची नव्हे. अनेक जण तसं धरतात. मी भाऊंचा हात हातात घेतला, अंगठा वळवला, डावा त्यावर बसवला. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो तो मला तेव्हा मऊ लागला होता. शेतात राबलेल्या हाताचा तो भाग असा मऊ कसा, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी मुठीवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, अंगठा कुठे यायचा त्याची खूण म्हणून, आणि स्लाइड ओढली. अडकली. पुन्हा अडकली. दहापैकी दहा.

"भाऊ, झालं!"

भाऊ उघड्या स्लाइडकडे बघत राहिले. "डाव्यानं उजव्याला धरायचं," ते म्हणाले. "हे बरं हाय, बाई. लय बरं हाय."

दोन आठवड्यांनी त्यांनी पंचवीस गोळ्या झाडल्या आणि पाचही वेळा स्लाइड उघडी राहिली. नेमही बरा लागला. साहेब मला म्हणाले, "छान." दुसऱ्या दिवशी भाऊ घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन आले. मी नको नको म्हणत होते. "घ्या वो," ते म्हणाले, "मास्तरणीला कायतरी द्यावंच लागतंय." आमच्या घरी तो तांदूळ मार्चअखेरपर्यंत पुरला.

त्यानंतरच्या महिन्यांत मी आणखी काय काय सोडवलं ते आठवून लिहिते. रेनकोटची टिचबटणं त्यांना लागेनात, मी चेनवाला रेनकोट आणायला सांगितला. थर्मासचं झाकण उघडेना, मी झाकणाला रबर गुंडाळून दिलं. मोटरसायकलची किल्ली फिरेना, मी कुलपात तेल सोडायला सांगितलं. शिट्टीची दोरी गाठ मारून गळ्यात घालायची, ती गाठ बसेना, मी हूक लावून दिला. प्रत्येक वेळी भाऊ म्हणायचे, "तुमचं डोकं भारी चालतंय, बाई." खंडाळ्याच्या गर्दीत कोणाकडे नीट बघायला वेळ नसतो, गाड्या आणि माणसं पुढे ढकलायची असतात. तरी मी रोज त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते.

जुलैअखेरीला त्यांच्या बायकोचा फोन आला. वहिनी मला क्वचित फोन करायच्या. म्हणाल्या, "बाई, ह्यांना लावणीला धाडलं ते चुकलंच. डाव्या हातानं रोप लावत्यात. उजव्यात पेंढीच धरवंना. काडी सुटत न्हाई, चिखलात दाबली तर उभी राहत न्हाई. मी हात वढून बघितला. अंगठ्याच्या बुडाला खड्डा पडलाय खड्डा. तुमी रोज संगं असताय, तुमाला दिसला न्हाई व्हय?"

भाताची लावणी अंगठ्याने होते. पेंढीतून दोन-चार काड्या अंगठ्याने सुट्या करायच्या आणि अंगठ्यानेच चिखलात रोवायच्या. त्यांच्या बायकोला एका सकाळीत दिसलं ते मला सहा महिन्यांत दिसलं नव्हतं.

पुढची सगळी व्यवस्था मी केली. पुण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, जुने कागद तारखेप्रमाणे लावले, रजेचा अर्ज लिहून दिला. वहिनी आणि मी दोघी सोबत गेलो. स्नायूंत सुया टोचून तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलले. मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप बंद पडत जाण्याचा हा आजार आहे. हातापासून सुरू झालाय, पुढे वाढत जाईल. थांबवणारं औषध नाही; थोडं लांबवणारं आहे.

वहिनींनी विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

"फार फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले.

ते वाक्य मी बाहेर आल्यावर वहीत उतरवून ठेवलं. डॉक्टरांनी खरं सांगितलं असणार. पण 'फार' हा शब्द त्यांनी वापरला होता आणि मी तोही लिहिला आहे.

गणपतीनंतरच्या रविवारी मी भाऊंच्या गावी गेले. मनाशी ठरवून गेले होते. ते ओट्यावर बसले होते, खाचरात भात पोटरीत आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. वहिनी चहा आणायला आत गेल्या तेव्हा मी सांगून टाकलं. म्हटलं, "भाऊ, फेब्रुवारीतच मला कळायला हवं होतं. अंगठा टिकत नाही असं मी लिहिलं होतं. मी तुमचा हात हातात धरून पाहिला होता. मी तुम्हाला डॉक्टरकडे पाठवायच्या जागी अंगठा दाबून धरायला शिकवलं."

भाऊ खाचराकडे बघत होते.

"मला म्हाईत व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"दिवाळीपास्नं जोर कमी पडत व्हता. पणती लावाया काडी वढली तर वढंना. म्हटलं, वयाचं असल. मग बंदोबस्ताला पिस्तूल काढताना बी जाणवाया लागलं. कोणाला बोललो न्हाई. बोललो असतो तर हत्यार गेलं असतं. तुमी डाव्यानं उजव्याला धराया शिकवलं, तवा मला वाटलं सुटलो. आता कोणाला दिसायचं न्हाई."

मला वाटलं होतं ते मला माफ करतील किंवा रागावतील. दोन्हींची तयारी करून गेले होते. त्यांनी लपवलं आणि मी नकळत लपवायला जागा करून दिली, याची तयारी नव्हती. मी म्हटलं, "भाऊ, मला तरी सांगायचं."

"तुमाला कसं सांगणार?" ते म्हणाले. "नोंदवही तुमच्याकडंच."

वहिनी चहा घेऊन आल्या. भाऊंनी कप दोन तळहातांमध्ये धरला आणि मान खाली करून प्याले. मीही प्याले. वहिनी म्हणाल्या, "बिस्कूट घ्या की बाई," आणि मी घेतलं.

वैद्यकीय मंडळाचा निर्णय यायला वेळ लागणार होता. तो आला की हत्यार काढून घेतल्याचा आदेश निघाला असता आणि कोणी तरी ते त्यांच्या नावावरून उतरवून घेतलं असतं. भाऊंना ते नको होतं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतःच अर्ज दिला की, माझ्या नावावरचं पिस्तूल जमा करून घ्यावं. साहेबांनी वाचला, माझ्याकडे पाठवला आणि म्हणाले, "त्यांच्या सवडीने करा."

भाऊ मंगळवारी सकाळी आले. त्यांचा मुलगा मोटरसायकलवर सोडून बाहेरच थांबला. गणवेशाची बटणं वहिनींनी लावली असणार, सगळी सरळ होती. डाव्या हातातही तोवर अशक्तपणा आला होता, पण तो अजून चालत होता. मी कपाटातून पिस्तूल काढून वाळूच्या पेटीवर ठेवलं. नियम असा की जमा करणाऱ्याने स्वतः मॅगझीन काढायचं, स्लाइड मागे ओढून खटक्यावर अडकवायची, आत बघून, बोट घालून हत्यार रिकामं असल्याचं दाखवायचं आणि 'खाली', म्हणजे रिकामं, असं म्हणायचं. नळी वाळूकडे. मग मी नोंद करायची.

"तुमी हात लावायचा न्हाई," भाऊ म्हणाले.

"नाही लावत."

मॅगझीनची कळ अंगठ्याने दाबायची असते. त्यांनी ती डाव्या हाताच्या बोटाने दाबली आणि मॅगझीन पेटीवर पडलं. मग पिस्तूल उजव्या हातात धरून, मनगट पेटीच्या कडेला टेकवून, त्यांनी डाव्याने स्लाइड ओढली. ती मागे आली. आता उजव्या अंगठ्याने खटका वर उचलायचा होता. अंगठा खटक्याखाली गेला आणि तिथेच राहिला. डावा हात दमला, स्लाइड सुटून बंद झाली.

दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा अंगठा खटक्यापर्यंत पोहोचलाही नाही.

बाहेर वायरलेसवर कोणी तरी वाहतुकीचं सांगत होतं. मी हात मागे बांधून उभी होते. ठाण्यातली दोन माणसं दारापाशी आली होती, ती माझ्याकडे बघून निघून गेली. भाऊंच्या कपाळावर घाम आला होता, तो पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

"बाई."

"हां, भाऊ."

"तुमचा अंगठा द्या."

ते स्लाइड ओढू लागले तेव्हा मी त्यांच्या हातावरून माझा अंगठा खटक्याखाली घातला. त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्याखाली होता, थंड आणि हलका. स्लाइड पूर्ण मागे आली, मी खटका वर केला आणि ती अडकली. मी लगेच हात काढून घेतला. भाऊंनी वाकून आत पाहिलं. डाव्या हाताची करंगळी चेंबरमध्ये घालून फिरवली, मग तोच हात बाजूला करून मला आत बघू दिलं.

"खाली," ते म्हणाले.

"खाली," मी म्हणाले.

नोंदवहीत एक रकाना आहे: जमा करणाऱ्याने हत्यार स्वतः तपासून दाखवले काय. इतक्या वर्षांत त्या वहीत मी एकही खोटी नोंद केली नव्हती. मी 'होय' लिहिलं. मग वही त्यांच्याकडे फिरवली आणि शाईचं पॅड पुढे करायचं का, असं हळूच विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले, "सही करतो."

पेन डाव्या हाताच्या मुठीत धरून त्यांनी सही केली. खूप वेळ लागला. मी घड्याळाकडे बघितलं नाही. अक्षरं मोठी मोठी होत गेली, सहीच्या रकान्यातून बाहेर आली, शेऱ्याच्या रकान्यावरून वहीच्या कडेपर्यंत गेली. शेवटचं अक्षर पूर्ण झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं, सहीकडे एकदा नीट पाहिलं, टोपी सारखी करायला डावा हात उचलला आणि बाहेर मुलगा उभा होता तिकडे निघाले. शेरा लिहायला जागाच राहिली नव्हती. मी ती ओळ तशीच ठेवली.